रायडिंग कोर्सची जागा मिळते कशी आणि हातची जाते कशी

पहिली गाडी किती सीसीची असावी, हेल्मेट कोणते घ्यावे, यांवर इतके लिहून झाले आहे की मी त्यात भर घालणार नाही. मोटरसायकल चालवण्याचा प्राथमिक प्रशिक्षणवर्ग करायचा हे तुम्ही ठरवले आहे, असेही मी गृहीत धरते. हे लिखाण आहे ते असे ठरवल्यापासून प्रत्यक्ष मैदानावर पाय ठेवेपर्यंतच्या काळाविषयी, कारण माझी खरी दमछाक त्या काळात झाली. गाडी चालवायला शिकणे त्या मानाने सोपे गेले. शिकायला जागा मिळवताना जी चिडचिड झाली ती अजून पुरती ओसरलेली नाही.

जागा कमी का असतात हे आधी समजून घेतले, तर केंद्रावरचा निम्मा राग आपोआप कमी होतो. एका प्रशिक्षकाच्या हाताखाली किती शिकाऊ असावेत याला मर्यादा असते. ब्रिटनमध्ये १९९० साली सक्तीचे झालेले जे प्राथमिक प्रशिक्षण सीबीटी या नावाने ओळखले जाते, त्यात मैदानावर एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार आणि रस्त्यावर जास्तीत जास्त दोन शिकाऊ ठेवता येतात. अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा प्राथमिक वर्ग उत्तीर्ण झाले की परवान्यासाठीची चालवण्याची चाचणी माफ होते, त्यामुळे शिकण्याची फारशी ओढ नसलेली, केवळ ती सवलत हवी असलेली मंडळीही त्याच रांगेत येतात. त्यात जिथे कडाक्याच्या थंडीत वर्ग बंद असतात तिथे हवा सुधारताच सगळ्यांना एकदम गाडीची आठवण होते. म्हणून मोसम सुरू होण्याची वाट न पाहता, तारखा जाहीर होतील त्याच आठवड्यात नाव नोंदवावे, आणि शनिवार-रविवारचा हट्ट सोडता येत असेल तर सोडावा.

आता ज्या सापळ्यात मी अडकले त्याविषयी. तो सापळा म्हणजे प्रतीक्षायादी. यादीत नाव आहे म्हणजे आपण रांगेत आहोत, पुढचे लोक सरकतील तसे आपणही सरकू आणि आज नाही तर उद्या आपला क्रमांक येईल, अशी माझी ठाम समजूत होती. तुमचीही बहुधा तशीच असेल, कारण नोंदणी करताना त्याविरुद्ध कोणी काही सांगत नाही. प्रत्यक्षात ती यादी केंद्राची नव्हती, एका तुकडीची होती. ती तुकडी सुरू झाली त्या सकाळी यादी संपली, तिच्यातली नावे पुढच्या तुकडीकडे गेली नाहीत, आणि तसे कळवणारा निरोपही कोणाला आला नाही. मी मात्र कितीतरी आठवडे अस्तित्वात नसलेल्या यादीत निश्चिंतपणे वाट पाहत बसले होते. अखेर फोन केल्यावर पलीकडच्या व्यक्तीने अतिशय सौजन्याने सांगितले की माझे नाव कुठल्याच यादीत दिसत नाही. त्या सौजन्याचा मला जितका राग आला तितका उद्धटपणाचाही आला नसता.

म्हणून हे थोडे लांबण लावून सांगते. नाव नोंदवताना पहिला प्रश्न हाच विचारा की यादी एका तारखेपुरती आहे की सर्व तारखांसाठी आहे. एका तारखेपुरती असेल तर प्रत्येक तारखेसाठी वेगळे नाव द्यावे लागेल, आणि ती तारीख उलटली की ते नाव संपले असे समजावे. दुसरा प्रश्न असा की रिकामी झालेली जागा देतात कशी. काही ठिकाणी यादीतल्या पहिल्या माणसाला विचारतात आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत देतात. काही ठिकाणी यादीतल्या सगळ्यांना एकाच वेळी निरोप जातो आणि जो आधी पैसे भरेल त्याची जागा होते. तर काही ठिकाणी यादी नावालाच असते, रद्द झालेली जागा मुकाट्याने पुन्हा नोंदणीच्या पानावर दिसू लागते आणि ते पान उघडून बसलेला कोणी अनोळखी माणूस ती पटकावतो. पहिल्या प्रकारात मुदत पाळावी लागते, दुसऱ्यात घाई करावी लागते आणि तिसऱ्यात यादी विसरून वर्गाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत पानावर वारंवार नजर टाकावी लागते, कारण माणसे रद्द करतात ती बहुधा शेवटच्या क्षणी. निरोप ईमेलने येतो की फोनवर, हेही विचारून ठेवा. ईमेलने येत असेल तर जाहिरातींचा कप्पा रोज उघडून पाहा. हे सगळे विचारताना आपण फार चौकसपणा करतो आहोत असे वाटेल. वाटू द्या.

यादीपेक्षा भरवशाचा एक मार्ग आहे, त्याची जाहिरात मात्र फारशी होत नाही. अनेक केंद्रांत वर्गाच्या सकाळी गैरहजर राहणाऱ्यांच्या जागा दारात उभ्या असलेल्यांना देतात. तुमच्या केंद्रात तशी पद्धत आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर वेळेच्या बरेच आधी जा. पण नुसते जाऊन उपयोग नाही, पूर्ण तयारीनिशी जावे लागते. शिकाऊ परवाना आणि ओळखपत्र मूळ प्रतीत हवे, घरी करायचा लेखी अभ्यास असेल तर तो पूर्ण केल्याचा दाखला हवा, आणि बोटे पूर्ण झाकणारे हातमोजे, लांब बाह्यांचे जाड कपडे, जाड पँट व घोटा झाकणारे बूट अंगावर हवेत. मला जागा मिळाली ती बुटांमुळे. नावे पुकारून झाल्यावर प्रशिक्षक रांगेतून खाली बघत चालले होते. एका मुलापाशी थांबून त्यांनी वाकून त्याच्या पँटची कड दोन बोटांनी वर उचलली, खाली कॅनव्हासचे बूट होते, आणि घोट्याचे हाड उघडे होते. त्याने शुल्क भरलेले होते, नोंदणीही रीतसर होती, तरी त्याला परत पाठवले आणि माझ्याकडे वळून कागद मागितले. मला त्याच्याबद्दल वाईट वाटले, पण कागद पुढे करताना माझा हात थांबला नाही. नियम कठोर आहे यात शंका नाही, पण गाडी पायावर आडवी पडल्यावर घोट्याचे काय होते हे ज्याने पाहिले आहे तो त्यावर वाद घालत नाही.

वाट पाहण्याच्या काळात नातेवाईक आणि मित्र तुम्हाला शिकवायला उत्सुक असतील. माझे मत विचाराल तर त्यांचे प्रेम घ्यावे, शिकवणी घेऊ नये. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, आणि त्या अपघातांतले ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून शिकलेले होते. केवळ या आकड्यावरून मित्र वाईटच शिकवतात असे सिद्ध होत नाही, हे मान्य आहे. पण त्याच अहवालातली दुसरी नोंद मला अधिक अस्वस्थ करते: अपघात टाळण्यासाठी स्वाराला साधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्या वेळात डोके विचार करत नाही, हाताला जे वळण लागले असेल तेच हात करतो.

माझ्या मावसभावाने मला पहिल्याच दिवशी बजावले होते, "पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील." हे वाक्य जवळजवळ प्रत्येक नवशिक्याने ऐकलेले असते आणि ते धोकादायक आहे. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते, पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि थांबण्याची बहुतांश ताकद तिथूनच मिळते. मागचे चाक त्याच वेळी हलके होऊन सहज घसरू लागते. पुढचा ब्रेक एकदम आवळला तर वजन पुढे येण्याआधीच चाक लॉक होऊ शकते, पण यावर उपाय तो सोडून देण्याचा नसून दाब वाढवत नेत पिळण्याचा आहे. मैदानावर मला या एका सवयीने सर्वांत जास्त छळले. कोरी पाटी घेऊन आलेल्या मुली दोन्ही ब्रेक नीट लावून थांबत होत्या आणि मी मागच्या ब्रेकवर उभी राहून काळा पट्टा ओढत होते. वाट पाहताना काहीतरी करायचेच असेल तर उभ्या गाडीवर इंजिन बंद ठेवून बसा, आणि खाली न बघता क्लच, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न हाताला सापडेपर्यंत सराव करा. सायकलचा तोल येत नसेल तर तो मात्र आधी शिकून घ्या, कारण बहुतेक प्राथमिक वर्ग तेवढे गृहीत धरतात. व्हिडिओ पाहून क्लच कळतो असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे.

गाडी अजिबात येत नाही म्हणून संकोच वाटत असेल तर तो सोडा. वर्ग शून्यापासूनच सुरू होतो. सुरुवातीला दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडत गाडी पुढे सरकू पाहते ती नेमकी जागा शोधायची आणि पुन्हा क्लच दाबायचा, एवढेच करवून घेतात. ज्यांना थोडेफार चालवता येते ते इथे कंटाळतात आणि पुढे चौकटीत वळण घेताना पाय टेकवतात, कारण सावकाश वळताना सारा खेळ त्या अर्ध्या क्लचचा असतो आणि नजर चाकाकडे न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवण्याचा असतो.

एखाद्याला मध्येच मैदानाबाहेर बोलावून थांबवतात, तसे तुमच्या बाबतीतही होऊ शकते. तो अपमान नाही. स्वतःला किंवा शेजारच्याला इजा होईल असे दिसले की प्रशिक्षकाला ते करावेच लागते. निघण्यापूर्वी कोणत्या सरावात अडले ते त्यांच्याकडून स्पष्ट समजून घ्या, भरलेल्या शुल्कावर पुन्हा बसता येते का आणि किती दिवसांत, हे कार्यालयात विचारा, आणि जमल्यास पुढची तारीख तिथेच लिहून घ्या.