तलवारीचं टोक थरथरलं की थांबायचं

मला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर आहे. दर एकवीस दिवसांनी केमो, अशा एकूण सहा सायकली. पहिल्या दोन सायकलींत मी घरातल्या घरात चालून पाहिलं, पण चालताना डोकं रिकामं राहतं आणि माझं रिकामं डोकं थेट पुढच्या स्कॅनवर जाऊन बसतं. तिसऱ्या सायकलला एका मैत्रिणीने तिची जुनी लाकडी तलवार आणून दिली. ती इआइदो ही जपानी तलवारीची कला शिकते. म्हणाली, "एकच वार कर, पण नीट कर." त्या दिवशी मी चार वार केले, धाप लागून खुर्चीत बसले आणि लक्षात आलं की तेवढा वेळ स्कॅन आठवलाच नव्हता.

इआइदो म्हणजे म्यानातून तलवार काढायची, वार करायचा, पात्यावरचं रक्त झटकल्याची कृती करायची आणि तलवार परत म्यानात घालायची. समोर कुणी नसतं, प्रतिस्पर्धी फक्त कल्पनेतला. केन्डोत एकमेकांना फटके मारतात, ते केमोत नको. प्लेटलेट्स उतरलेल्या असताना कोपर आपटलं तरी हिरवानिळा डाग आठवडाभर राहतो. इआइदोत घाई केली तर शिक्षक उलट रागावतात, आजारी माणसाला याहून सोयीचं काय हवं?

आधी डॉक्टरांशी बोला. "व्यायाम करू का?" असं मोघम विचारलंत तर "झेपेल तेवढा करा" असं मोघम उत्तर मिळेल. म्हणून कृती सांगून विचारा. दोन्ही हातांनी अर्धा किलो वजन डोक्यावर नेऊन खाली आणायचंय, चालेल का? पोर्ट (औषध शिरेत द्यायला कातडीखाली बसवतात ते उपकरण) आहे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा का? हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स किती असतील तर करायचं नाही? आजार हाडात असेल, काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर ते स्वतःहून सांगा. मला पोर्टची जखम भरेपर्यंत हात कपाळाच्या वर नेऊ नका असं सांगितलं होतं. मग मी कपाळापर्यंतच वार केले. काही बिघडलं नाही.

तलवार लाकडीच घ्या, तिला बोकुतो म्हणतात. लांबी साधारण १०२ सेंटीमीटर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. सुबुरितो नावाची जाडजूड लाकडी तलवार मिळते, ती दंड कमावणाऱ्यांसाठी, तिला हातही लावू नका. सरावाची धातूची तलवार, म्हणजे इआइतो, बिनधारेची असली तरी तिचं टोक टोचतं. खरी धारेची तलवार या दिवसांत नकोच. आखूड बोकुतोही असते, साधारण ५५ सेंटीमीटरची. तिला 'कोदाची' म्हणतात. खुर्चीत बसून करायचं असेल तर हीच घ्या. बोकुतोला प्लास्टिकचं म्यान मिळतं, तेही घ्या, कारण खरी गंमत त्यातच आहे.

आणि वर बघा. छताकडे. मी नाही पाहिलं. पहिल्याच आठवड्यात टोक पंख्याच्या पात्याला लागलं. पंखा बंद होता म्हणून बरं. हात वर करून, तलवार उभी धरून, हळूच चारही बाजूंना फिरून पाहा, मगच जागा ठरवा. सतरंजी गुंडाळून ठेवा. डावीकडे भिंत किंवा जड खुर्ची हाताच्या अंतरावर असू द्या.

आता मूठ. डावा हात मुठीच्या शेवटाला, उजवा वर, हात पात्यावर घसरू न देणाऱ्या चकतीजवळ (तिला त्सुबा म्हणतात, माझ्या लाकडी तलवारीवर ती प्लास्टिकची आहे). जोर करंगळी आणि अनामिकेत. तर्जनी नुसती टेकलेली. ओला पंचा पिळताना दोन्ही मनगटं आत वळतात, तशी वळवा. माझ्या औषधांत व्हिन्क्रिस्टिन आहे, त्याने बोटांची टोकं बधिर झालीत, ब्लाउजचे हूक लावायला पाच मिनिटं लागतात. तरी ही पकड जमते, कारण तिचा भार बोटांच्या टोकांवर नसून तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर येतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, हातालाच कळलं.

सुरुवात खुर्चीत करा. हात नसलेली, न हलणारी खुर्ची. पुढच्या कडेवर बसा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली. तलवार समोर धरा, डावी मूठ बेंबीपुढे, टोक समोरच्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. या पवित्र्याला चुदान म्हणतात. नजर टोकावर खिळवू नका. जपानी शिक्षक म्हणतात, दूरच्या डोंगराकडे पाहावं तसं पाहा. नुसतं असं धरून तीन श्वास घ्या. पहिले दोन दिवस एवढंच केलंत तरी चालेल.

मी गणित शिकवते, म्हणून हिशेब सांगते. मनगट दोन अंशांनी हललं तर पाऊण मीटरवरचं टोक अडीच सेंटीमीटर हलतं. शरीर थकल्याचं आपल्याला उशिरा कळतं, टोकाला आधी कळतं. टोक थरथरायला लागलं की त्या दिवसाचा सराव संपला. "अजून दोनच करते" हे नाही. आमच्या घरी यावरून वाद झालाय. "अगं, रंग बघ तुझा," असं हे म्हणाले आणि मी तरी आणखी सहा वार केले. पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. त्यातून काढलेला नियम असा की आज केलेल्याचा थकवा उद्या सकाळीही असेल तर आज जास्त झालं, परवा निम्मं करायचं. ज्यांना श्रमानंतर एकदोन दिवसांनी सगळं शरीर कोसळण्याचा आजार आहे, त्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वाढवूच नये.

वार असा. श्वास घेत तलवार वर, सोडत खाली. वर नेताना खांदे कानाकडे चढतात, त्यांना खाली ठेवा. खाली येताना डावा हात ओढतो, उजवा फक्त वाट दाखवतो. टोक गुडघ्याच्या उंचीवर थांबवा, आपटू नका. पाच वेळा. मग तलवार मांडीवर ठेवून साधं एक वाक्य बोलून पाहा. मध्येच श्वास घ्यावा लागला तर आणखी थांबा. नाडी मोजत बसू नका, विशेषतः बीटा ब्लॉकर (रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या) घेत असाल तर, कारण त्या गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१९च्या शिफारशींत कॅन्सरच्या थकव्यासाठी आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम व्यायाम सांगितलाय. माझा चांगल्या दिवसाचा आकडा अकरा मिनिटं आहे.

उभं राहिल्यावर पावलं उचलायची नसतात, सरकवायची असतात, याला सुरीआशी म्हणतात. तळवे बधिर असलेल्याला हे फार सोयीचं, कारण एका पायावर तोल सांभाळायची वेळ जवळजवळ येत नाही. परंपरा अनवाणी करायची आहे. मी पातळ तळाचे बूट घालते, कारण काच रुतली तरी मला कळणार नाही.

अखिल जपान केन्डो महासंघाच्या प्रमाणित इआइदो प्रकारांची, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींच्या क्रमांची, संख्या बारा आहे. १९६९ साली सात होते, १९८०मध्ये तीन आणि २०००मध्ये दोन वाढले. पहिले तीन सेइझात, म्हणजे टाचांवर बसून सुरू होतात, चौथा एक गुडघा उभा ठेवून. स्टिरॉइडने मांड्यांतली ताकद जाते आणि खालून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून हे चार सोडा. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत सगळे उभ्याने आहेत. मी बारावाच करते, नुकिउची. मागे सरत तलवार उपसायची आणि पुढे येऊन एक सरळ वार. अकराव्यात सलग पाच वार आहेत, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता म्यान करणं, नोतो. मराठीत तलवार म्यान केली म्हणजे माघार घेतली. इआइदोत तोच सगळ्यांत अवघड आणि सुंदर भाग. डाव्या हाताने म्यानाचं तोंड धरायचं. त्याला कोइगुची, म्हणजे कार्प माशाचं तोंड म्हणतात, आणि ते दिसतंही तसंच. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यावर पात्याची पाठ टेकवायची आणि उजवा हात पुढे नेत पातं तिच्यावरून सरकवायचं. टोक बेचक्यातून निसटून अलगद म्यानाच्या तोंडात पडतं. मग उजव्या हाताने तलवार आत आणि डाव्या हाताने म्यान पुढे, दोघं एकमेकांना भेटायला आल्यासारखे. खाली पाहायचं नाही. चौथ्या सायकलीत मी घाईत केलं आणि लाकडी टोक बेचक्यात घुसलं. जखम नाही, पण जांभळा डाग दहा दिवस. सलाईन लावणाऱ्या नर्सने विचारलं, काय लागलं? तलवार, म्हटलं. तिने फाइलवरचं नाव पुन्हा वाचलं. म्हणून आधी महिनाभर डोळे उघडे ठेवून, पाहत, मुंगीच्या गतीने करा.

वेळापत्रक सायकलीप्रमाणे बांधा. माझे पहिले पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्यांचे. अंगात भलताच उत्साह येतो, तो उसना असतो, त्यावर विसंबू नका. सहाव्या-सातव्या दिवशी मी कोसळते, तेव्हा नुसतं तलवार धरून तीन श्वास. साधारण सातव्यापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला असतात, तेव्हा दोजोत, म्हणजे सरावाच्या वर्गात, किंवा कुठल्याच गर्दीत जाऊ नका. ताप ३८ अंश सेल्सिअसला गेला की तलवार बाजूला आणि थेट हॉस्पिटल, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. पंधरा ते एकवीस हे माझे खरे दिवस. वर्गाला जाता तेव्हा शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. सेइझा होत नसेल तर उभ्याने नमस्कार चालतो. आणि अंगात काहीच नसेल तर बाकावर बसून इतरांचा सराव पाहा. त्याला मितोरी-गेइको असं रीतसर नाव आहे, तोही सरावच धरतात.

आज सहाव्या सायकलीचा नववा दिवस. खुर्चीत बसून चार वार केले आणि एक नोतो. टोक पहिल्या खेपेला म्यानाच्या तोंडाशी आलंच नाही, बाहेरच्या कडेवरून घसरलं. वहीत लिहिलं, चार, एक, घसरलं. पाचवा वार केला नाही.