समुद्री कृमींची नोंद करताना या चुका टाळा

कोल्हापुरातून आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पॉलिकीट कृमी (खंडाखंडांच्या अंगाचे, राठ केसांचे समुद्री कृमी) गोळा करायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाटल्या मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांत त्याच चुका पुन्हा पुन्हा आढळतात.

सर्वांत महागात पडते ती सगळे नमुने फॉर्मालिन या टिकाऊ द्रवात टाकण्याची घाई. फॉर्मालिनमध्ये शरीराची ठेवण टिकते, पण डीएनए निकामी होत जातो. आणि उष्ण कटिबंधात दिसायला सारख्या असलेल्या कृमींत दडलेल्या प्रजाती वेगळ्या काढायला डीएनएचाच आधार लागतो. एकदा आम्ही खडकांतून नेरीस कुळातले कृमी काढले. काहींची पाठ हिरवट होती, काहींची तपकिरी. भरती चढत होती म्हणून सगळे जिवंतच एका बरणीतल्या फॉर्मालिनमध्ये सोडले. आठवड्याने पाहिले, तर रंग उडालेले, अंगे आकसलेली, शेपट्या तुटलेल्या आणि घसे आत ओढलेले. या कुळाची ओळख बाहेर आलेल्या घशावरील काळपट दातांच्या मांडणीवरून पटते, म्हणून एकेक घसा चिरून पाहावा लागला. दातांची मांडणी सगळ्यांची सारखीच निघाली, डीएनए मिळाला नाही, आणि ती एक प्रजाती होती की दोन, हे कधीच ठरवता आले नाही.

तेव्हापासून मी आधी जिवंत कृमीचा मोजपट्टीसह फोटो घेतो, मग कुंचल्याच्या स्पर्शाला प्रतिसाद थांबेपर्यंत त्याला गुंगी आणणाऱ्या सुमारे ७ टक्के मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवतो. मागचे काही खंड डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉलमध्ये आणि उरलेले शरीर फॉर्मालिनमध्ये, दोन्हींना एकच क्रमांक. अंगातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होते, म्हणून ते दुसऱ्या दिवशी बदलावेच लागते. यात तासभर जास्त जातो, आणि ज्याला तो द्यायचा नसेल त्याने कृमी खडकातच राहू द्यावेत.

लेबल पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावे. मार्करची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते.

गाळ १ मिलिमीटरच्या चाळणीने धुतला, तर लहान कृमी पाण्याबरोबर निघून जातात, चाळणी ०.५ मिलिमीटरची घ्यावी.

दुसरी मोठी चूक नावाची. 'मार्फिसा सँग्विनिया' या प्रजातीचे मूळ वर्णन इंग्लंडमधील डेव्हनच्या किनाऱ्यावरील नमुन्यांचे आहे, तरी हे नाव भारतापर्यंतच्या कितीतरी किनाऱ्यांवरील कृमींना लावले गेले. 'कॅपिटेला कॅपिटाटा' या एका नावाखाली तर किमान सहा प्रजाती असल्याचे १९७६ सालीच दाखवले गेले होते. म्हणून युरोपीय नमुन्यांवर बेतलेल्या ओळख पटवण्याच्या तक्त्यातले जवळचे नाव उचलण्याऐवजी मी वहीत वंशाचे (जीनसचे) नाव, पुढे 'प्रजाती १' आणि ठिकाण लिहितो.