पाच सृष्टी पाठ करण्याआधी कांद्याची पेशी बघा

व्हिटाकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडलेला पाच सृष्टींचा, म्हणजे सजीवांच्या पाच मोठ्या गटांचा, तक्ता मुलं घोकून घोकून पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात, पण पेशी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितली ना की तो तक्ता विसरायचं कारणच उरत नाही, म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची स्लाईड (काचपट्टी) कशी करायची ते बघू.

कांदा उभा चिरा, एक जाडसर पाकळी घ्या, तिच्या आतल्या खोलगट बाजूने चिमट्याने पातळ पारदर्शक पापुद्रा ओढा आणि लगेच पाण्यात टाका, वाळला की तो गुंडाळतो मग सरळ करताना फाटतो. स्लाईडवर पाण्याचा थेंब, त्यात नखाएवढा तुकडा सपाट पसरायचा, वर आयोडीनचा एक थेंब. कव्हरस्लिप (वर ठेवायची पातळ काच) तिरकी धरून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. धाडकन आडवी टाकली तर हवा अडकते, आणि मग काळ्या जाड कडांचे गोल दिसतात ते बुडबुडे असतात, बरीच मुलं तेच पेशी म्हणून वहीत काढतात!! आधी सूक्ष्मदर्शकाच्या १०एक्स (दहापट मोठं दाखवणाऱ्या) लेन्सनेच बघा.

विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसतील, प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी ठिपका, ते केंद्रक, पेशीचा कारभार चालवणारा भाग. बहुतेक वेळा ते कडेला सरकलेलं असतं कारण मधली सगळी जागा मोठ्या रिक्तिकेने (द्रवाने भरलेल्या पिशवीने) खाल्लेली असते.

आता वर्गीकरण. पहिला प्रश्न, केंद्रक आहे का? नसेल तर मोनेरा, म्हणजे दह्यातले लॅक्टोबॅसिलस वगैरे. असेल आणि अख्खा जीव एकाच पेशीचा असेल तर बहुतेक प्रोटिस्टा, जसे अमीबा, पॅरामेशियम (यीस्ट मात्र एकपेशीय असूनही कवकात म्हणजे बुरशीच्या गटात, कारण त्याच्या पेशीभित्तिकेत, म्हणजे पेशीभोवतीच्या भिंतीत, कायटिन नावाचा पदार्थ असतो आणि ते अन्न स्वतः बनवत नाही). बहुपेशीय असून पेशीभित्तिकाच नसेल तर प्राणी. भित्तिका आहे आणि हरितलवकं (अन्न बनवणारे हिरवे कण) पण आहेत तर वनस्पती. भित्तिका आहे पण हरितलवकं नाहीत तर कवक.

इथे एक गोची आहे. कांद्याच्या पापुद्र्यात हिरवं काहीच दिसत नाही, मग कांदा कवक का? नाही, तो भाग मातीत वाढतो, तिथे ऊन नाही म्हणून हरितलवकं नाहीत, त्याच कांद्याची हिरवी पात बघा, तिच्यात भरपूर सापडतील. म्हणजे एका पेशीवरून निकाल लावायचा नाही, अख्खा सजीव बघायचा. व्हायरसला तर पेशीच नसते, त्यामुळे तो या पाचांपैकी कुठेच बसत नाही.