पालक गमावलेल्या मुलाला कसे सावरावे

आई किंवा वडील गेल्यावर मूल पुढे मानसिक आजाराकडे ढकलले जाऊ नये, यासाठी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अर्विन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कार्यक्रम आखला. 156 कुटुंबांतील 8 ते 16 वर्षांच्या 244 मुलांवर त्याची चाचणी झाली. 12 गटसत्रांच्या या उपक्रमाचा परिणाम 15 वर्षांनंतरही टिकून होता आणि सहभागी मुलांमध्ये पुढे तीव्र नैराश्याचे प्रमाण कमी आढळले.

त्यातील सर्वांत मोलाचा भाग, माझ्या मते, मागे राहिलेल्या पालकाला दिलेले प्रशिक्षण होय. कारण मुलाचा खरा आधार तोच असतो. रोज दहा-पंधरा मिनिटे केवळ एका मुलासाठी राखून ठेवावीत आणि त्या वेळात काय करायचे हे त्यालाच ठरवू द्यावे. ते बोलू लागले की उपदेश न करता ऐकावे, त्याचेच म्हणणे आपल्या शब्दांत सांगून नीट समजले का ते विचारावे, आणि मग थोडे थांबावे. 'रडू नकोस' असे म्हणू नये, तसेच रडत नाही म्हणून काळजीने खोदूनही विचारू नये. दयेपोटी शिस्त सोडून देणे ही सहज होणारी चूक आहे. झोपेच्या आणि अभ्यासाच्या ठरलेल्या वेळा मुलाला सुरक्षित वाटू देतात.

पालकाने स्वतःच्या दुःखासाठीही मदत घ्यावी. मूल मरणाची इच्छा बोलून दाखवत असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे.