ब्रेक काय सांगतोय ते आधी ऐका, मग गॅरेज गाठा

बहुतेक लोक गॅरेजमध्ये जाऊन एवढंच सांगतात की "ब्रेक बरोबर लागत नाहीयेत, जरा बघा", आणि मग मेकॅनिक पॅड, डिस्क, लायनर, ऑइल अशी सगळी यादी लिहून मोकळा होतो कारण तुम्ही त्याला काहीच सांगितलेलं नसतं. त्यापेक्षा घरून निघताना नेमकं काय होतंय ते लक्षात घेऊन जा. आवाज येतो का, पॅडल कसं लागतं, गाडी कुठल्या बाजूला ओढते, थंड असताना होतं की तापल्यावर. कुठला पार्ट गेलाय ते त्याला ठरवू द्या, तुम्ही फक्त लक्षण सांगा.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (फिरणारा डबा, त्याला आतून लायनर घासतात) असतात, त्या धरूनच लिहितोय. थांबवण्याचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात म्हणून पॅड आधी झिजतात, मागचे लायनर बरेच जास्त टिकतात. त्यामुळे पॅड बदलतानाच कोणी "मागचे लायनर पण टाकून घेऊ" म्हणाला तर ड्रम उघडून दाखवायला सांगा.

आधी आवाज. पावसात रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर करते, तो डिस्कवर चढलेला हलका गंज असतो, लगेच निघून जातो, त्यासाठी कुठे जायची गरज नाही. बारीक चूंऽऽ असा सततचा आवाज आला तर पॅड संपत आलेत असं समजा, बऱ्याच पॅडना एक पत्र्याची पट्टी असते ती मुद्दाम डिस्कला घासून असा आवाज करते. घर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅडचं मटेरियल संपलंय आणि आता डिस्क खराब होतेय, गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा नाहीतर टो करून न्या. आणि ब्रेक न दाबताही घुंऽऽ असा आवाज येत असेल, स्पीडबरोबर वाढत असेल, तर तो बहुतेक वेळा व्हील बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरतं त्याचा) निघतो. ब्रेकचं काम करून घ्याल आणि आवाज तसाच राहील.

आता पॅडल, इथे जरा जास्त वेळ घालवा कारण खरी माहिती इथेच मिळते. पॅडल स्पंजसारखं मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय, किंवा मागच्या लायनरची सेटिंग सैल झालीय. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली खाली जात असेल, सिग्नलला उभे असताना हे चांगलं कळतं, तर कुठेतरी लीक आहे, आणि बाहेर कुठेच ऑइल गळताना दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलतो तो भाग) आतलं रबर गेलेलं असू शकतं. ही गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. पॅडल दगडासारखं कडक झालं असेल तर बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालून पायाचा जोर वाढवणारा भाग) तपासा, हे घरीच होतं: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाचदा दाबा, मग दाबूनच धरा आणि गाडी स्टार्ट करा. बूस्टर चांगला असेल तर पॅडल पायाखाली थोडं खाली जातं. नाही गेलं तर बूस्टर, त्याचा व्हॅक्यूम पाइप किंवा व्हॉल्व यापैकी काहीतरी आहे.

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं तेव्हा बहुतेक वेळा पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. न दाबताही ऐंशी-नव्वदच्या स्पीडला थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून बघा, ते स्वस्त पडतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर कुठल्यातरी एका चाकाचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकलेला असू शकतो. आणि एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पायाला टकटक टकटक जाणवलं तर घाबरून पाय काढू नका, तो एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, काम करतोय, तसंच दाबून धरा. डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा लाइट राहिला तर साधे ब्रेक चालतात पण एबीएस बंद असतो, बऱ्याचदा चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची वायर असते. ब्रेकचा लाल लाइट मात्र हँडब्रेक सोडल्यावरही राहिला तर गाडी बाजूला घ्या आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची लेव्हल बघा.

ब्रेक ऑइलकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी मुरलं की ते कमी तापमानाला उकळायला लागतं. डॉट 4 (डब्यावर लिहिलेला ब्रेक ऑइलचा प्रकार) नवीन असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा 155 वर येते, डॉट 3 ची 205 वरून 140. गावात फिरताना काही जाणवत नाही, पण महाबळेश्वरहून पसरणी घाटानं वाईकडे ब्रेक दाबत दाबत उतरलात की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल एकदम पोकळ लागतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला, मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच टाका, आणि सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, गॅरेजच्या कोपऱ्यात उघडी पडलेली अर्धी बाटली नको. लेव्हल कमी दिसली की नुसतं टॉप-अप करून पुढे जायचं नाही, पॅड झिजले की लेव्हल थोडी उतरतेच पण लीक असला तरी उतरते, कारण शोधा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

घाटाचं निघालंच आहे तर हेही, पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे आणि त्याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करणारे लोक अजून आहेत. कृपा करून करू नका. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकला पुरतो, नंतर पॅडल कडक, स्टिअरिंग जड, आणि समोर वळण. ज्या गिअरमध्ये घाट चढता साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, ब्रेक आपोआप थंड होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाण्याची बाटली ओतू नका, डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते.

आता मेकॅनिक. चांगला माणूस आधी तुमच्याबरोबर गाडीची ट्रायल घेतो, मग चाक काढतो, आणि किंमत त्यानंतर सांगतो. चाक न काढता फोनवरच "डिस्क-पॅड दोन्ही गेले" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. काम चालू असताना जवळ उभे राहू द्या म्हणावं, आणि एक गोष्ट नक्की बघा: कॅलिपर खोलल्यावर तो रबरी होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत सोडतोय की तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवतोय. होजवर वजन आलं की होज आतून खराब होतो, हे माहीत असलेला माणूस न सांगता तार शोधतो. त्याच्या हाताला सवय असते.

साताऱ्यात एका मित्राच्या वॅगनआरला डावीकडून आवाज येत होता, एका ठिकाणी सांगितलं नवीन पॅड टाका म्हणून टाकले, काही महिन्यांतच परत तोच आवाज. दुसऱ्या मेकॅनिकने चाक काढून दोन्ही पॅड पेपरवर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरचा जवळजवळ नवीन, आतला पत्र्यापर्यंत गेलेला. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या, आतलाच पॅड सगळा दाब घेत होता. पिना साफ केल्या, ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं (बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही, रबर फुगतं), रबरी बूट बदलले, काम झालं. तेव्हा पॅड बदलताना "पिना मोकळ्या सरकतात का" एवढं विचारा, उत्तरावरून माणूस कळतो.

डिस्क बदलायला सांगितली तर मोजून दाखवा म्हणा. डिस्कवर बहुतेक किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर लावायला दोन मिनिटं लागतात. पॅडचं मटेरियल 3 मिमीच्या आसपास आलं की बदलायचेच, तिथे घासाघीस नको. दोन्ही बाजूंचे पॅड जोडीनेच बदलतात, यात कोणी फसवत नाही. पार्ट स्वतः आणायचा असेल तर पुण्यात नाना पेठेत मिळतो, पण बॉक्स, एमआरपी आणि बिल बघून घ्या, बिल नाही म्हणाला तर दुसरं दुकान. जुने पार्ट परत मागा आणि गॅरेजच्या बिलावर लेबर आणि पार्ट वेगळे लिहून घ्या, वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तेच बिल उपयोगी पडतं. आणि ओळखीतल्या टॅक्सीवाल्यांना विचारा ते ब्रेकला कुठे जातात, त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तरी धंदा बुडतो, त्यामुळे वाईट गॅरेजकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत.

गाडी ताब्यात घेतल्यावर हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत दाबा, नवीन पॅड टाकले की पहिल्यांदा पॅडल खाली जातं आणि लोक तसेच रिव्हर्स टाकून भिंतीला धडकतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो हळुवार ब्रेक मारा. दहा-बारा किलोमीटर फिरून आलात की चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. पुढची मागच्यांपेक्षा गरम असणारच, पण पुढच्या दोघांत किंवा मागच्या दोघांत एक जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक सुटत नाहीये, त्याच दिवशी परत घेऊन जा.