तानकाट्याने घर्षण बल कसे मोजावे

घर्षण बल गतीला विरोध करते, हे पाठ असते. पण किती विरोध करते, हे आपल्या हाताने मोजल्याशिवाय बलाची खरी ओळख होत नाही.

साहित्य थोडेच लागते: 5 न्यूटनपर्यंत बल मोजणारा तानकाटा (स्प्रिंगचा काटा), दोरा, एक गुळगुळीत टेबल आणि लाकडाचा ठोकळा. सुताराकडे फळीचा उरलेला तुकडा मिळतो. साधारण 15 सेंमी लांब, 8 सेंमी रुंद, 4 सेंमी जाड आणि वजनाला 300-400 ग्रॅम असला की झाले. सगळ्या बाजू एकाच पॉलिश पेपरने घासून घ्या. लहान टोकाच्या मधोमध एक आकडी बसवा.

आधी ठोकळा तानकाट्याला टांगून त्याचे वजन लिहून ठेवा. काट्यावर फक्त ग्रॅम असतील तर 100 ग्रॅमला 0.98 न्यूटन धरा. आता काटा आडवा धरा आणि शून्य पुन्हा तपासा. उभ्या काट्यात आकडीचे वजन स्प्रिंग ताणते, आडव्यात ताणत नाही. म्हणून शून्य सरकलेले असते. बहुतेकांचे आकडे इथेच चुकतात.

दोरा टेबलाला समांतर ठेवून हळूहळू ओढा. काटा 0.3 दाखवतो, ठोकळा हलत नाही. 0.6 दाखवतो, तरी हलत नाही. म्हणजे घर्षणही आधी 0.3 होते, मग 0.6 झाले! जेवढे ओढाल तेवढेच ते उलट ओढते. ही गोष्ट नीट पाहा, घाई करू नका. मग एका क्षणी ठोकळा सुटतो आणि काटा चटकन थोडा खाली येतो. सुटण्याआधीचा सर्वांत मोठा आकडा म्हणजे स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा. त्यानंतर एकसारख्या वेगाने ओढताना स्थिर राहणारा आकडा म्हणजे गतिक घर्षण. प्रत्येक मापन पाच वेळा करून सरासरी काढा.

दोरा वर तिरपा गेला तर ठोकळा किंचित उचलला जातो, टेबलावरचा दाब घटतो आणि घर्षण कमी भरते. ओढताना वेग वाढत गेला तर काटा घर्षणापेक्षा जास्त दाखवतो, कारण जास्तीचे बल वेग वाढवण्यात जाते. ठोकळा थांबत थांबत, धक्के देत सरकत असेल तर पृष्ठभाग आधी कोरड्या फडक्याने पुसा.

आता बदल करून पाहा. ठोकळ्याच्या वजनाइतकी वाळू पिशवीत भरून त्यावर ठेवा: घर्षण जवळजवळ दुप्पट होते. वाळू काढा आणि ठोकळा अरुंद बाजूवर उभा करा. टेकलेले क्षेत्रफळ निम्मे झाले, तरी आकडा फारसा बदलत नाही. आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. बरेच जण निम्मा लिहितात. एकूण वजन तेच असते, त्यामुळे लहान जागेवर दाब वाढतो आणि हिशेब जुळून येतो. ठोकळ्याखाली चार-पाच गोल पेन्सिली आडव्या ठेवल्या तर मात्र काटा जेमतेम हलतो.

कॅरमची पावडर भुरभुरून घ्यायचे मापन सर्वांत शेवटी ठेवा. ती लाकडाच्या रेषांत बसली की पुसूनही पूर्ण निघत नाही आणि पुढचे सगळे आकडे कमी येतात. ती बोरिक पावडर असते, म्हणून नंतर हात साबणाने धुवा.