‘डमी’ ऐकताना शफल बंद ठेवा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या पोर्टिसहेड या बँडचा ‘डमी’ हा अल्बम (१९९४) पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. या संगीतातली मादकता बरीचशी खर्जात आहे. डबल बेस या उभ्या, मोठ्या तंतुवाद्याची सर्वांत खालच्या सुराची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. एवढ्याशा स्पीकरला ते झेपतच नाही. महागडं काही नको, कानावर नीट बसणारे साधे वायरचे हेडफोन पुरतात.

शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं), क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणारं) आणि इक्वलायझरमधला खर्ज वाढवणारा बेस बूस्ट बंद करा. मधूनमधून जुन्या तबकडीसारखी खरखर ऐकू येईल. हेडफोन तपासत बसू नका, ती मुद्दामच आहे: या मंडळींनी स्वतः वाजवलेले तुकडे तबकडीवर उतरवून घेतले आणि तिथून परत उचलून गाण्यांत वापरले. बँडमधल्या एड्रियन अटलीची गिटार तर थेट जॅझमधून आलेली.

बेथ गिबन्स गाते ते शब्द पहिल्या खेपेला वाचू नका. तिचा श्वास, ओळ संपताना कापरा होणारा आवाज आधी कानात मुरू द्या. बोल दुसऱ्या खेपेला समोर घ्या. भांडी घासताना लावायचा हा अल्बम नव्हे (निदान माझ्या मते). जेमतेम पन्नास मिनिटांचा आहे, एका बैठकीत होतो.